हवालदाराच्या कोटावरची दोन फुलं

दर सालच्या नोव्हेंबरात सातारच्या आपिसातनं आमच्या गावाला पुठ्ठ्याचा एक डबा येतो. डब्यात लाल कापडाची फुलं. अफूची फुलं म्हनं ती. मागल्या लढाईत साहेबाची मानसं ज्या रानात पडली तिथं असली फुलं उगवली, म्हनून मेलेल्या शिपायांची आठवन म्हनून साहेब लोक ती छातीला लावत्यात. आता आमची मानसं पडली बसऱ्याकडं, तिथं खजुराबिगर काय उगवत न्हवतं, पन साहेबाला सांगनार कोन? फुलं आली की वाटायची. मी भाऊसो हवालदार, तिकडंच कूतच्या लढाईत पायाची दोन बोटं ठेवून आल्याला, म्हनून वाटायचं काम वीस सालं माझ्याकडंच.

गावानं मातर त्या फुलाला आपली रीत लावली. चावडीच्या भिंतीत मागल्या लढाईचा दगड हाय, त्यावर अकरा नावं. अकरा तारखेला सकाळी अकराला दगडापुढं जमायचं. मी एकेक नाव पुकारायचं आन् त्या घरच्या मानसानं म्होरं येऊन ताटातलं फूल उचलायचं. एका मेलेल्या मानसाला एक फूल, दोघं गेलं असतील तर दोन. बाया ते घरी नेऊन देव्हाऱ्यात वाडवडलांच्या टाकांपुढं ठेवत्यात, हळद-कुंकू वाहत्यात. ज्याच्या घरचं कुनी गेलं न्हाई तो फुलाला हात लावत न्हाई. उगं लावला तर घरातलं मानूस जातं, असं आमच्याकडं पक्कं धरत्यात.

माझा थोरला कृष्णात एक्केचाळीस साली ह्या दुसऱ्या लढाईत, आफ्रिकेतल्या केरेनच्या डोंगरात पडला. एकवीस वर्साचा व्हता, लगीनसुदिक झालं न्हवतं. मीच त्याला भरतीला नेला व्हता, साहेबापुढं छाती फुगवून उभा केला व्हता. तार आली तवा हरणाबाई, माझी बायको, तीन दिस जेवली न्हाई. चवथ्या दिशी उठली, चूल पेटवली आन् धाकट्याला म्होरं बसवून जेवू घातलं. धाकटा हरी. तवापासनं तिचा सगळा जीव त्या पोरात. त्याला शिंक आली तरी ही बाई हातातलं काम टाकून बघायची.

हरी तालुक्याला हायस्कुलात शिकत व्हता, तिथंच खोली घेऊन ऱ्हायचा. बेचाळीस साली भादव्यात कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला. आमच्या गावचं कुनी त्यात न्हवतं, असंच सगळ्यांला वाटलं. मला फौजदाराचा निरोप आला, की ज्यांची वळख पटली न्हाई अशी मानसं हायती, आसपासच्या गावांतली जानती मानसं बोलावल्यात, हवालदार तुमीबी या. मी पगडी चढवली, मेडलं लावली आन् गेलो. सरकारचं मीठ खाल्लेला मानूस मी, बोलावनं आलं की जायचं येवढं ठावं.

कचेरीच्या सोप्यात चौघं पोत्याखाली झाकलं व्हतं. पाचवा तरटावर जित्ता व्हता, पोटात गोळी. फौजदार म्हनाला, कार्टं नावगाव सांगत नाही. मी वाकून बघितलं. हरी व्हता.

आता कुनी म्हनंल, बापानं काय करायचं असतं? मला ठावं न्हाई असं न्हाई. पन त्याच महिन्यात सातारहून कागद आला व्हता, की ह्या लढाईत मेलेल्यांची नावं दगडावर चढवायची हायती. कृष्णाताचं नाव मी माझ्या हातानं लिवून धाडलं व्हतं. फौजदार हसत हसत सांगत व्हता, की बंडखोराच्या घरातलं नाव आता दगडावर चढत नसतं, हवालदार, तसला हुकूमच निघनार हाय. आन् मग त्यानं मला इचारलं, ओळखता का याला?

मी म्हनालो, "न्हाई, साहेब."

फौजदार काय दूधखुळा न्हवता. आमचं नाक एक, कपाळ एक. त्यानं पोराकडं वळून इचारलं, हा तुझा बाप का रे? हरीनं माझ्याकडं बघितलं. लय येळ बघितलं. मग म्हनाला, "न्हाई. मला बाप न्हाई." आन् पानी मागितलं.

पानी द्यायला वळख लागत न्हाई. परक्या मुलखात शत्रूच्या शिपायाला मी माझ्या बाटलीतलं पानी दिलंय. पन त्या दिशी माझं हात हललं न्हाईत. मी सलाम ठोकला आन् पायऱ्या उतरलो. सांजच्याला तो गेला, म्हनून मागनं कळलं. नदीकाठी चौघांच्या संगंच राकेल ओतून जाळला त्यांनी.

घरी आलो. हरणाबाईला सांगितलं, हरी पोरांच्या संगं भूमिगत झालाय, डोंगरात लपलाय, कुठं वाच्यता करू नगंस. तिनं माझं पाय धरलं, म्हनाली, पोरगं जित्तं हाय ना, मग बास. त्या रात्रीपासनं ती चार भाकरी जास्त थापायला लागली. चळवळीतली पोरं अंधारात येऊन भाकरी न्यायची, तर प्रत्येकाला इचारायची, माझा हरी दिसला का रं? आन् त्यातलं एखादं पोरगं तिचं मन राखाया म्हनायचं, व्हय मावशी, दिसला. मी आतनं ऐकायचो. पन तोंड उघडायचं म्हंजे सगळंच उघडायचं, म्हनून मी गप. वर तिच्यावरच डाफरायचो, की भाकरीचं पीठ सरतंय, जरा हात आवर. अशा मानसाला काय म्हनावं तुमीच सांगा.

वरीस गेलं. आष्ट्याच्या नाथाजीची लेक हरीला सांगितली व्हती, सुपारी फुटली व्हती. दिवाळी झाल्यावर नाथाजी घरी आला. भला मानूस. म्हनाला, पोर सोळा वर्साची झाली, तुळशीच्या लग्नानंतर दुसरीकडं बघतो, राग मानू नगा. हरणाबाईनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. म्हनाली, माझा हरी येनार हाय, येवढं साल थांबा. नाथाजी माझ्याकडं वळला. म्हनाला, "हवालदार, तुमी शबूद द्या. तुमच्या शबदावर पोरीला आनखी एक साल घरात ठेवतो."

मी शबूद दिला. हरणाबाईच्या तोंडाकडं बघून दिला. नाथाजी च्या पिऊन निवांत मनानं गेला.  मेलेल्या पोराच्या नावानं एका जित्त्या पोरीला मी कोंडून घातली व्हती, आन् हरणाबाई तिच्यासाठी हिरवं लुगडं बघत व्हती.

चार दिसांनी अकरा तारीख आली. दगडावर नवं नाव कोरून झालं व्हतं. कृष्णाताचं नाव बारावं, मस्त ठसठशीत. चावडीपुढं गाव जमलं, खुर्चीवर तोच फौजदार. एका अंगाला बाया, त्यात हरणाबाई. मी ताट घेऊन नावं पुकारली, एकेक जन येऊन फूल घेऊन गेला. शेवटी कृष्णाताचं नाव मीच पुकारलं, मीच फूल उचललं आन् कोटाला लावलं.

खरं सांगतो, मी काय ठरवून केलं न्हाई. दगडावरच्या त्या नावाकडं बघितलं आन् वाटलं, हे नाव मी कशाच्या बदल्यात घेतलं? माझा हात परत ताटात गेला. दुसरं फूल उचललं आन् पहिल्याच्या शेजारी लावलं.  फौजदार खुर्चीतनं निम्मा उठला आन् परत बसला. मी हरणाबाईकडं बघितलं. ती माझ्या कोटाकडं बघत व्हती. ती फुलं मोजत व्हती, मला दिसत व्हतं.

घरी आल्यावर तिनं दार लावून घेतलं आन् इचारलं, "दुसरं कुनाचं?"

"हरीचं."

"कवा?"

सांगितलं, गेल्या साली भादव्यात, कचेरीपुढं. ती चुलीपाशी बसली. रडंल वाटलं, तर रडली न्हाई. म्हनाली, "तुमी बघितला तवा जित्ता व्हता का?"

न्हाई म्हनलं असतं तर भागलं असतं. तिनं मानलंबी असतं. वरीसभर मी सांगंल ते ती मानतच व्हती. पन आता माझ्यात खोटं उरलं न्हवतं. मी सगळं सांगितलं, तरटाचं, फौजदाराचं, माझं 'न्हाई', त्याचं 'न्हाई', आन् पान्याचं. पान्याचं सांगताना तिनं दोन्ही कानांवर हात ठेवलं. मी रडलो. तिच्याम्होरं नाक घासलं. तिचं ध्यान माझ्याकडं न्हवतं.

जरा येळानं उठली, तोंडावर पानी मारलं, पदर खोचला आन् भाईर पडली. मी मागनं. सहा मैल ती पुढं आन् मी लंगडत मागं. मधी दोनदा हाक मारली, आगं थांब, म्हनलं, बैलगाडी करतो. वळली न्हाई. आपलंच दात आन् आपलंच ओठ, वाटंत कुनाला काय सांगायचं? भेटंल तो म्हनायचा, हवालदार, घाईघाईनं कुठं?

कचेरीत तो सोपा ओलांडून ती आत गेली आन् कारकुनाच्या टेबलापुढं उभी ऱ्हायली. मी दारातच थांबलो. ती म्हनाली, गेल्या साली हितं गोळी लागून पाच मानसं मेली, त्यातल्या एका पोराचं नाव तुमच्याकडं न्हाई, ते लिवून घ्या. कारकून गडबडला. म्हनाला, बाई, घरावर बालंट येईल, कशाला उकरून काढता? ती म्हनाली, येऊ द्या. त्यानं कपाटातनं वही काढली, पानं उलटली, एका जागी बोट ठेवलं. अनोळखी पुरुष, वय अंदाजे अठरा, असं वाचलं.

"सतरा," ती म्हनाली. "हरी त्याचं नाव."

कारकुनानं टाक दौतीत बुडवला, नाव लिवलं. मग मान वर न करता इचारलं, बापाचं नाव?

"बाप न्हाई त्याला. त्यानं सोताच सांगितलंय तुमच्या फौजदाराला."

कारकुनानं मान उचलून दाराकडं बघितलं. तो मला वीस वर्सं वळखत व्हता. मी दोन फुलं लावून उभा. 

"आईचं लिवा," ती म्हनाली. त्यानं लिवलं.