टाकीच्या काठावरचं मीठ

या, बसा मित्रांनो. मी एक जुनी काचेची टाकी आहे, सुरतच्या नवागामातली. आधी मी एका दवाखान्यात गोल्डफिश सांभाळायचे. लोक दाढदुखी विसरून माझ्याकडं बघत बसायचे. मग मी गळायला लागले, अन् दोन वर्षं जिन्याखाली धूळ खात पडले.

तिथून शोभेचे मासे विकणाऱ्या चेतननं मला उचललं. सांधे भरले, आपल्या दुकानात मांडलं अन् खारं पाणी ओतलं. माझ्यात आता समुद्राचे मासे! लांब तमिळ किनाऱ्यावरचा सेल्वम बुडी मारून हातजाळ्यानं एकेक मासा धरायचा, पिशवीत घालून पाठवायचा. त्याची चूल त्यावरच पेटायची.

यंदाच्या उन्हाळ्यात मासे मरायला लागले. तीन खेपा गेल्या. उरला एकच, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा. तोही धापा टाकत होता.

काही लोक पाण्यात विष मारून मासे गुंगवतात अन् असे मासे मागाहून मरतात, हे चेतननं ऐकलेलं. तो फोनवर गरजला, "दवा मारके पकडता है ना? आज से तेरा माल बंद!"

"नहीं भैया, हाथ से पकडता," सेल्वम काकुळतीला आला. "दो दिन घर में रखता, खिलाता, फिर भेजता."

चेतननं फोन आपटला. माझं पाणी चार बोटं आटलं होतं. रोजच्यासारखी त्यानं मिठाच्या पाण्याची बादली उचलली. खार मोजायची नळी कधीच फुटलेली, सगळं अंदाजपंचे. मला तोंड नाही. काठावर पांढरं मीठ साचलं होतं, तेवढंच माझं बोलणं.

डबा घेऊन आलेल्या त्याच्या आईनं, सुभद्राबाईनं, दारातूनच फोनवरचं ऐकलं होतं. तिनं काठावर बोट फिरवलं अन् जिभेला लावलं.

"थू! हाई काय रे?"

"आई, समुद्राचे मासे आहेत. खारंच पाणी लागतं त्यांना."

"वरण आटनं का खारं व्हस ना? मंग त्यामा पानी टाकतस का मीठ?"

चेतननं बादली खाली ठेवली.

"पानी उडी जास, मीठ थोडंच उडस! अन् तू त्या बिचाराले बोली राहिना."

चेतननं रोज थोडं थोडं साधं, शिळं पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी माशानं दाणा टिपला. तेव्हा चेतननं फोन लावला.

"सेल्वमभाई, गलती मेरी थी."

पलीकडून आधी एवढंच आलं, "मछली खाता है?"

"खाता है."

"तो कल भेजता."

मित्रांनो, माझी काच पुसली नाही तरी चालेल. पण लांबच्या माणसाला बोल लावण्याआधी आपल्या काठावर एकदा बोट फिरवा. चाखून बघा.