मोठ्या सरांच्या टेबलावरचा तक्ता

तिला वाटलं होतं, माझ्यावर अठ्ठेचाळीस नावं असतील आणि फार तर एखाद्या नावापुढे 'चष्मा' किंवा 'डावखुरा' अशी आठवणीसाठी केलेली खूण असेल. दुसऱ्याचा वर्ग घ्यायला निघालेल्या नव्या शिक्षिकेला आणखी काय हवं असतं? पण तिला माझ्यावर सापडलं ते भलतंच होतं. ते तिने दुपारी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

मी बोलतोय, कायद्याच्या एका नामवंत महाविद्यालयातला बैठकीचा तक्ता. दिसायला अगदी साधा, हिरव्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक कागद. सहा रांगा, रांगेत आठ चौकोन, प्रत्येक चौकोनात एक नाव आणि खुर्चीचा क्रमांक. जन्मभर गप्प बसलो. आता मात्र इतकं साचलंय की कुठून सुरुवात करू असं झालंय.

जन्मापासूनच करतो. वर्ष सुरू झालं त्या आठवड्यात कार्यालयातल्या बाईंनी मला छापलं, पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलं, वरून वजन म्हणून नियमांचं जाडजूड पुस्तक ठेवलं. आम्ही जुळे. माझा भाऊ वर्गातल्या टेबलावर गेला, कोरा आणि स्वच्छ. मी गेलो मोठ्या सरांच्या खणात.

मोठे सर म्हणजे फार मोठे. समान संधीवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक दूरदूरच्या विद्यापीठांत शिकवलं जातं. त्यांच्या वर्गात जागा मिळाली की घरचे लोक पेढे वाटल्यासारखे फोन करत सुटतात. कोणी कुठे बसायचं हे सर स्वतः ठरवतात. पहिल्या दोन रांगा 'घरच्यां'च्या. घरचे म्हणजे ज्यांचे आजोबा न्यायमूर्ती, वडील नावाजलेले वकील, आत्या सरकारी वकील. या मुलांना सर आडनावाने हाक मारतात, कधी तर नुसतं 'आमचा धाकटा' म्हणतात. मागच्यांना खुर्चीच्या क्रमांकाने. "एकोणचाळीस, उभे राहा." "चव्वेचाळीस, हे कुठून वाचलंत, रस्त्यावर वाटतात त्या पत्रकातून का?" पहिल्या रांगा हसतात. मागच्याही हसतात, थोड्या उशिराने.

शेवटच्या रांगेत सत्तेचाळीस नंबरवर एक मुलगी बसते. तिची आई कोर्टाबाहेर छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करून देते. हे सरांना माहीत होतं, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला 'घरी कोण काय करतं' ते विचारलं होतं आणि पेन्सिलीने माझ्यावर लिहिलं होतं. मला गुदगुल्या झाल्या. मला वाटलं, किती आस्थेने चौकशी करतात.

मग आली सत्रातली चाचणी. आमच्याकडे उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं नसतं. प्रत्येकाला एक गुप्त क्रमांक मिळतो, वर्षभर तोच, आणि कोणाचा कोणता हे फक्त परीक्षा विभागाला ठाऊक असतं. तपासणाऱ्याला उत्तर दिसावं, माणूस दिसू नये, यासाठी ही सगळी खटपट. चाचणीचे पेपर तपासून झाल्यावर मोठ्या सरांनी ते वर्गातल्या लांब टेबलावर ओळीने मांडले. "आपापला क्रमांक बघा आणि उचला," म्हणाले. मुलं एकेक करून पुढे येऊ लागली. सर मला हातावर धरून बाजूला उभे. मुलाने पेपर उचलला की सरांची नजर पेपरावर, मग मुलावर, मग माझ्यावर, आणि चौकोनात बारीक आकडा. अर्ध्या तासात अठ्ठेचाळीस चौकोनांत अठ्ठेचाळीस गुप्त क्रमांक. हात सराईत होता. एकही खाडाखोड नाही.

तेव्हासुद्धा मला कळलं नाही. कळलं ते सत्र परीक्षेचे पेपर तपासायला सर बसले तेव्हा. त्यांनी मला खणातून काढून गठ्ठ्याशेजारी ठेवलं. आधी क्रमांक, मग माझा चौकोन, मग उत्तर, मग गुण. माझ्याकडे बघून गुण पडत होते. मी ओरडलो असतो, पण पुठ्ठ्याला तोंड कुठे असतं?

आता नव्या मॅडमची गोष्ट. ती दूरच्या देशात शिकली. तिथल्या वसतिगृहात मोठ्या सरांचं पुस्तक तिच्या उशाशी असायचं, पान न् पान रेघा मारलेलं. तिथल्या एका बड्या कचेरीतली नोकरी नाकारून ती इथे आली, का, तर या माणसाच्या हाताखाली शिकवायचंय. वर्षभराची तात्पुरती नेमणूक मिळाली. कायम व्हायचं तर मोठ्या सरांची सही हवी. सध्या सरांच्या तपासलेल्या पेपरांची बेरीज पडताळायचं काम तिच्याकडे होतं. तेही ती असं करायची, की जणू न्यायालयाचं निकालपत्र लिहितेय.

त्या दिवशी सर एक सन्मान स्वीकारायला परगावी गेले. जाताना फोनवर म्हणाले, माझा वर्ग तू घे, नावांचा तक्ता टेबलावर आहे. आदल्या दिवशी मला खणात परत ठेवायचं ते विसरले होते. त्यांच्या मनात वर्गातलं टेबल, म्हणजे माझा भाऊ; तिने पाहिलं त्यांच्या खोलीतलं टेबल, आणि तिथे मी होतो.

अहाहा, काय सांगू! चाचणीनंतर पहिल्यांदाच मी खोलीबाहेर पडलो. जिन्यात वारा लागला. वर्गात गेलो तर माझा भाऊ पुढच्या टेबलावर धूळ खात पडलेला. मॅडमचं त्याच्याकडे लक्षच गेलं नाही.

तिने वर्गाला सत्र परीक्षेतलाच एक प्रश्न घातला. भाडेकरू आजारी पडून दवाखान्यात असताना घरमालकाने कुलूप बदललं, तर त्यात चूक नेमकी कोणती? माझ्यावर बोट ठेवून तिने शेवटच्या रांगेतलं एक नाव वाचलं. कोणीच उठेना. तिने पुन्हा नाव घेतलं. मग ती मुलगी गोंधळून उभी राहिली.

"मॅडम, मला सत्तेचाळीस म्हणतात."

"ते खुर्चीला म्हणत असतील. तुम्ही सांगा."

मुलगी आधी चाचरली, मग सुटली. म्हणाली, घर मालकाचंच आहे, वाद तो नाहीच. पण कुलूप बदलणं हा एक निकाल आहे, आणि समोरच्याचं न ऐकता दिलेला. "ज्याच्या हातात किल्ली आहे, त्याने न्यायाधीश व्हायचं नसतं."

मॅडमने ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. कारण हे वाक्य तिने आदल्याच दिवशी वाचलं होतं, बेरीज पडताळताना, एकतीसशे सतरा क्रमांकाच्या उत्तरपत्रिकेत. त्या उत्तराला वीसपैकी आठ गुण होते. समासात लाल शेरा होता: 'भाषणबाजी. पाया कच्चा.' वाक्य इतकं आवडलं होतं की तिने ते आपल्या वहीत उतरवून घेतलं होतं, आणि सरांच्या शेऱ्यात काहीतरी खोल असेल, आपल्यालाच कळलं नसेल, असं स्वतःला समजावलं होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. सत्तेचाळिसावा चौकोन. नावाखाली पेन्सिलीने 'आई टाइपिस्ट'. त्याखाली ३११७.

तिचं बोट त्या आकड्यावर दाबलं गेलं ते मला थेट जाणवलं. मग ते बोट धावत सुटलं. पहिला चौकोन, दुसरा, तिसरा. सगळीकडे आकडे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाचलं, कोणीतरी वाचलं!

तास संपल्यावर ती शिक्षकांच्या खोलीत मला मांडीवर घेऊन बसली आणि पेपरांचा गठ्ठा उघडला. एक नंबरच्या खुर्चीवरच्या 'आमच्या धाकट्या'ने त्याच प्रश्नाला व्याख्या तेवढी उतरवून अर्धं पान कोरं सोडलं होतं. गुण सतरा. दुसऱ्या रांगेतल्या एकीने भाडेकरू आणि मालक यांची अदलाबदल केली होती. चौदा.

शेजारच्या टेबलावरचे सर डबा खात होते. नऊ वर्षं तात्पुरते, स्वभावाने गोड. त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि घास तसाच गालात ठेवून खण उघडला. खोडरबर काढून तिच्यापुढे सरकवला.

"पुसायचं, जागेवर ठेवायचं आणि डबा खायचा."

"सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला काहीच माहीत नसतं. म्हणून तर टिकलोय." मग आवाज उतरवून म्हणाले, "अगं, तू तिकडून शिकून आलीस, तुझ्या डोक्यात वारं आहे. चांगलं आहे. पण उद्या बाराला निकाल लागतोय. आपल्या सूचनाफलकावर लागलेला निकाल आजवर कधी उतरलेला नाही. मग कशाला?"

उद्या बारा. निकालातले पहिले पाच थेट मोठ्या न्यायालयात जातात, न्यायमूर्तींच्या हाताखाली वर्षभर काम करायला. वकिलांच्या घरात न जन्मलेल्या मुलीला त्या इमारतीत शिरायचं हे एकच दार. मॅडमने सत्तेचाळीसचा पूर्ण पेपर पुन्हा वाचला, बाकीचेही शेजारी ठेवून वाचले. प्रामाणिक गुण पडले असते तर ती पहिल्या दोघांत होती. आता होती एकविसावी.

खोडरबर तिने हातात घेतला. तिने तो परत सरांच्या डब्याशेजारी ठेवला आणि मला पिशवीत घालून घरी नेलं.

संध्याकाळी तिची आई शिलाई मशीनवर बसली होती. शाळेचे गणवेश लहान-मोठे करून द्यायचं तिचं काम. मी जेवणाच्या टेबलावर उताणा. तेवढ्यात मोठ्या सरांचा फोन आला. मॅडमने आवाज मोठा केला, म्हणून मलाही ऐकू आलं.

वर्ग कसा झाला, पोरांनी छळलं नाही ना, सन्मानाची शाल फार टोचते, असं हसतखेळत बोलून झालं. मग म्हणाले, "अगं, तो तक्ता चुकून गेलाय तुझ्याकडे. कच्चा आहे तो, काहीबाही लिहिलेलं असतं. उद्या दहाच्या आत माझ्या टेबलावर ठेव."

"सर, काहीबाही नाही. परीक्षेचे क्रमांक आहेत."

पलीकडे नुसता शालीचा सळसळाट.

"सत्तेचाळीसला आठ गुण का दिले, सर?"

"हे बघ," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर मायाळू झाला, "नुसत्या हुशारीने वकिली होत नाही. न्यायमूर्तींच्या दालनात कसं उभं राहायचं, कधी गप्प बसायचं, हे घरातून यावं लागतं. तिला तिथे पाठवून आपण तिचीच फजिती करणार. मी वाचवतोय त्या पोरीला. तू हुशार आहेस, तुला कळेल. तुझं कायम होण्याचं पत्र मी माझ्याकडेच मागवून घेतलंय. उद्या आलो की पहिली सही तीच."

फोन ठेवून ती आईकडे वळली. एवढा मोठा माणूस आपलं पुस्तक लिहिताना खोटं बोलत होता का, असं तिने आईला विचारलं. आईने पुस्तक वाचलेलं नव्हतं. ती म्हणाली, "आधी कायम हो. मग हवं तेवढं भांड."

"आमच्याकडे एक सर आहेत, आई. नऊ वर्षं झाली, ते आधी कायमच होताहेत."

मशीन थांबलं. आईने दातांनी दोरा तोडला. "त्या पोरीची आई काय करते म्हणालीस?"

"कोर्टाबाहेर अर्ज टाइप करते."

"मग तिने चार जणांना सांगून ठेवलं असेल, यंदा माझ्या मुलीचं नाव येणार." एवढंच बोलून तिने पुन्हा मशीन चालवायला घेतलं.

सकाळी साडेनऊला आम्ही महाविद्यालयाच्या दारात. माझ्या चारही कोपऱ्यांत नुसती धडधड! डावीकडे जिना, वर मोठ्या सरांची खोली. उजवीकडे परीक्षा विभागाची खिडकी. मॅडम जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबली. वरून शेजारच्या टेबलावरचे सर उतरत होते. त्यांनी तिच्या काखेतला हिरवा पुठ्ठा पाहिला आणि भिंतीला टेकून वाट मोकळी करून दिली. ती वर गेली नाही. वळली.

खिडकीतल्या बाईंनी तिचं म्हणणं ऐकलं, एकदा चष्मा काढला, एकदा लावला. मग तक्रारीचा फॉर्म पुढे केला. हळूच म्हणाल्या, "नावाचा रकाना कोरा ठेवलात तरी चालतं. सगळे तसंच करतात."

"पुरावा माझ्या पिशवीतून निघालाय, बाई. कोरं कसं ठेवू?"

तिने मला खिडकीच्या फळीवर ठेवलं, माझ्यावरच फॉर्म धरला आणि लिहिलं. पेनाचा दाब मला पाठीपर्यंत कळला. नाव, पूर्ण. पद: अध्यापिका, तात्पुरती. मागणी: निकाल थांबवावा, सर्व अठ्ठेचाळीस उत्तरपत्रिका दुसऱ्याकडून तपासून घ्याव्यात. सही केली, तारीख घातली, वेळही घातली, दहाला दहा कमी. आणि मला आत सरकवलं.

आता मी खिडकीच्या आतल्या बाजूला आहे, बाईंच्या हाताशी. बाई, शिक्का मारा, पोच द्या, पण मला लगेच कपाटात टाकू नका. उजेडाकडे जरा तिरपा धरा आणि शेवटच्या रांगेपासून वाचायला लागा. बारा वाजायला अजून दोन तास आहेत.