गळ्यातलं बटण

एस्तेरकाकूंच्या गळ्यात ते बटण आलं त्या दिवशी मी पोट धरून हसले होते. काळी दोरी आणि तिला सुपारीएवढं लाल बटण. म्हटलं, "काकू, बैलाले घंटी, तुमाले बटण. आता कुठं हरवाची भीती नाही!" काकूही हसल्या. नागपूरहून ते बटण घेऊन आलेले बेंजामिनभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांना हसणं जरा जडच जायचं.

काकू ज्यू. कोणी विचारलं तर म्हणायच्या, आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले. आमच्या पांढुर्ण्याच्या गल्लीला त्यातलं एवढंच कळलं होतं की ही बाई शुक्रवारी दिवे लावते आणि शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथला, कामाला हात लावत नाही. नवरा इथल्या स्टेशनात पार्सल क्लार्क होता. तो वारला, मूल नव्हतं, आणि काकू इथंच राहिल्या. मी लग्न होऊन शेजारी आले तेव्हापासून त्या मला प्रेमा म्हणतात. माझं नाव प्रेमलता. माझी सासू मला ज्या नावांनी हाक मारायची त्यापेक्षा हे बरंच बरं होतं.

त्यांच्या समाजाचं ठाण्याला एक मंडळ आहे. पोरांच्या फिया, म्हाताऱ्यांची औषधं, गरजू घरांना किराणा, असं ते पाहतात. नागपूर आणि आसपासची घरं बेंजामिनभाऊंकडे होती. सणाच्या आधी ते यायचे. किराणा कधी दुकानाच्या पिशवीत आणायचे नाहीत, आपल्या कपड्यांच्या बॅगेत आणायचे, म्हणजे गल्लीला वाटावं, पाहुणा मुक्कामाला आला. माल ओट्याखाली ठेवताना काकूंकडे बघायचेसुद्धा नाहीत. घेणाऱ्याची मान खाली जाईल ते दान नव्हेच, असं त्यांच्यात मानतात. आणि घेणाऱ्यानंही दिलंच पाहिजे म्हणून काकू दर शुक्रवारी दिवे लावायच्या आधी एका डब्यात स्वतःकडचं काहीबाही टाकायच्या. आमच्याकडे देणारा फोटो काढून घेतो. मला या लोकांचं हे फार आवडायचं, खोटं कशाला सांगू?

बटणाचं कारण निराळं होतं. मंडळाचं म्हणणं, काकूंनी ठाण्याच्या वृद्धाश्रमात यावं. आपली माणसं, आपली प्रार्थना, डॉक्टर जवळ. काकू हटून बसल्या. "तिथं मले सगळे मिसेस किहीमकर म्हणतीन. काकू कोण म्हणन वो?" शेवटी तडजोड झाली. बटण दाबलं की बेंजामिनभाऊंच्या फोनवर घंटी जाते, त्यांनी नाही उचललं तर त्यांच्या मेव्हण्याच्या. पडल्या-झडल्या तर काकूंनी ते दाबायचं. दाबायला चुकल्या की ठाण्याला जायचं. काकूंनी मान डोलावली.

आता शुक्रवारचं सांगते. सूर्य मावळला की काकू विजेच्या बटणालाही हात लावत नाहीत, आणि दुसऱ्याला लाव म्हणून सांगायचीही बंदी. मग मी दारात दिसले की म्हणायच्या, "आज अंधार लवकरच पडला, नाही?" मी जाऊन लाईट लावायची. इतकी वर्षं त्यांनी एकदाही लाईट लाव म्हटलं नाही, आणि एकदाही त्या अंधारात बसल्या नाहीत.

यंदा पोळा आला शुक्रवारी. आमची शेती बोरगावला, सौंसरजवळ. बैल तिथंच, म्हणून आम्ही दुपारी तिकडे गेलो. जाताना काकूंचा लाईट दिवसाढवळ्याच लावून दिला आणि म्हटलं, उद्या येते.

शनिवारी दुपारी परत आलो तर गोटमारीमुळे गावात गाडी जाईना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीतल्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमारी. माझे मालक रामाजी गाडी बाहेर ठेवायला थांबले, मी गल्लीनं पुढं गेले. सगळी गल्ली नदीवर गेलेली. जाम नदीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. काकूंच्या घरात लाईट जळत होता. हाक मारली, ओ नाही. माझ्याकडे किल्ली असते. दार उघडलं.

काकू ओट्याजवळ जमिनीवर पडल्या होत्या. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. साडी ओली. ओठ फाटलेले. टेबलावर शुक्रवारचे दोन्ही दिवे कधीच विझलेले. आणि छातीवर ते लाल बटण.

मी जवळ जाऊन बसले, त्यांच्या गालाला हात लावला. मग काकूंनी डोळे उघडले. म्हणाल्या, "आलीस? पोळा चांगला झाला का वो?"

कालच्या संध्याकाळपासून बाई तशी पडून होती. मी चमच्यानं पाणी पाजलं, आणि घोट उतरताच माझा भडका उडाला. "काहून नाही दाबलं बटण? गळ्यात काय मंगळसूत्र म्हणून घातलं? शनिवार मोडते म्हणून का जीव द्याचा?"

काकूंनी डोळे मिटले. मी काय समजायचं ते समजले.

दवाखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे फुटलेली डोकी आणि पट्ट्या. एक जण काकूंना पाहून म्हणाला, "आजी, तुमी बी गेल्ता का झेंड्यापाशी?" एरवी मी हसले असते. डॉक्टरनं पाहून सांगितलं, खुब्याचं हाड मोडलंय, सोमवारी नागपूरला न्या, ऑपरेशन होईल, चालू लागतील.

मी मंडळाच्या ठाण्याच्या नंबरावर फोन लावत बसले. बेंजामिनभाऊंचा नंबर माझ्याकडे नव्हता, हा बटणाच्या खोक्यावर लिहिलेला होता. दुपारभर बंद. लागला तो अंधार पडल्यावर. चिटणीस बाईंना मी सगळं सांगितलं, आणि माझी जीभ काय, एकदा सुटली की कोणाच्या बापाची नाही. म्हटलं, तुमची म्हातारी महाहट्टी, पडून राहिली पण बटण दाबलं नाही, धर्मापायी मेली असती. बाई रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, "मग त्यांना एकटं ठेवता येणार नाही. ऑपरेशन झालं की इकडेच आणतो. खोली तयार ठेवते."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले. काकूंचं घर मी माझ्याच तोंडानं घालवलं होतं. कॉटपाशी जाऊन सांगितलं. काकूंनी छताकडे पाहिलं. म्हणाल्या, "बरं." इतकंच. मला वाटलं, आता तरी रागावतील. त्यांनी माझा हात धरला आणि झोपल्या.

रविवारी सकाळी बेंजामिनभाऊ आले. घरी जाऊन, गल्लीत विचारून, दवाखान्यात. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं. मी त्यांना दारातच गाठलं. "या. पाहा आपल्या मावशीची जिद्द. मरत होत्या, पण—"

"दाबलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"मावशींनी बटण दाबलं होतं, ताई. शुक्रवारी संध्याकाळी. मग रात्री. मग पहाटे. काल चांदण्या दिसून शब्बाथ संपल्यावर मी फोन चालू केला तेव्हा सगळ्या घंट्या दिसल्या. शब्बाथ लागला की मी फोन बंद करून कपाटात ठेवतो. मेव्हणाही ठेवतो. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा, हे आमच्या पोरालाही पाठ असते. मावशींना पाठ होतं, म्हणून त्यांनी दाबलं. पण फोनच बंद, तर मोडायचं कधी ते आम्हाला कळणार कसं? इतके जण बसून आम्ही ते बटण ठरवलं. हे एकाच्याही डोक्यात आलं नाही."

पाय मोडलेली बाई रात्री, पहाटे, परत परत बटण दाबतेय आणि तिकडे कपाटात दोन बंद फोन. आणि मी तिला मंगळसूत्राचा टोमणा मारला होता! मी कॉटकडे धावले. काकू जाग्याच होत्या.

"काकू, काहून नाही सांगतलं वो? मी इतकं बोलली तुमाले. ठाण्याले सांगून बसली. तुमचं घर जाऊन राहिलं होतं!"

काकू हळू बोलल्या. "सांगतलं असतं तर तू गावभर केलं असतं. हा पोरगा इतकी वर्षं माझ्या घरी येते, मले लाज वाटू नाही म्हणून मान वर करून पाहत नाही. त्याची लाज मी चव्हाट्यावर मांडू का?"

बेंजामिनभाऊ कॉटच्या पायाशी उभे होते. एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. पट्ट्या बांधलेली माणसं वळून पाहू लागली. मलाही रडू आलं, आणि रागही आला. कोणाचा ते ठरवता येईना.

त्यांनी तिथूनच ठाण्याला फोन लावला. "चूक आमची आहे. मावशींनी अट पाळली. आपण नाही पाळली. त्यांना हलवायचं नाही." पलीकडून बाई बराच वेळ बोलत होत्या. यांनी एकच उत्तर धरून ठेवलं, नाही हलवायचं. शेवटी विचारणा झाली असावी की मग पुढच्या शनिवारचं काय, कारण ते काकूंकडे पाहू लागले.

काकू म्हणाल्या, "त्या बटणात प्रेमाचा नंबर टाका ना. तिचा फोन शनिवारी बंद नसते."

बेंजामिनभाऊ एकदम माझ्याकडे वळले. "समाजाचं काम समाजानंच करायचं, बाहेरच्यांना त्रास कशाला, एवढंच आमच्या डोक्यात," ते म्हणाले. मग त्यांनी फोन पुढं केला. "ताई, तुमचा नंबर?"

अकरा वर्षं हा माणूस येत होता. दर वेळी चहा माझ्या हातचा प्यायला. शुक्रवारचा लाईट कोण लावते हे त्याला माहीत, घराची किल्ली कोणाकडे हेही माहीत. आणि माझा नंबर त्याच्याकडे नव्हता. काही तरी लागट बोलायचं होतं, ओठावर आलंही होतं, पण काकू पाहत होत्या. मी नंबर सांगितला. टाकताना त्यांचा एक आकडा चुकला, दुसऱ्यांदा सांगावा लागला.

पोळ्याच्या त्या रात्री बोरगावला माझा फोन उशापाशीच होता, चालू. एकच फोन आला, लॉटरी लागली म्हणून फसवणाऱ्या कोणाचा तरी. तोसुद्धा मी पहिल्या घंटीला उचलला होता.