बेसमेंटमधली गळती

माझ्या नवऱ्याला एडमंटनमध्ये चांगली नोकरी आहे, दारात दोन गाड्या आहेत, आणि तरीही पाइपचा साधा जॉइंट विकत घेताना त्याचा जीव वरखाली होतो. घरी बिअर करायचं खूळ मिलिंदच्या डोक्यात गेल्या वर्षी शिरलं. स्टीलचं भलंमोठं पातेलं आलं, बिअर आंबवायची टाकी आली, पंप आला, तोवर मी गप्प होते. पण पंपाला लागणाऱ्या नळ्या आणि कपलिंग घ्यायची वेळ आल्यावर त्याच्या अंगात काटकसर संचारली. बिअरच्या सामानाच्या दुकानात खटकन बसणारे स्टीलचे जॉइंट मिळतात, ते त्याच्या मते शुद्ध लूट. मग एक जॉइंट बागेच्या नळीच्या सेलमधून आला, दुसरा ऑनलाइन, आणि तिसरा शेजाऱ्यांनी फेकायला काढलेल्या वॉशिंग मशीनचा, जो मी स्वतः परत फेकून आले. कुणाचे आटे कुणाला लागत नव्हते. तो त्यांना टेफ्लॉन टेपचे वेढे देत बसायचा आणि तरीही सगळीकडून टपटप गळायचं.

मी त्याकडे काणाडोळा केलाही असता. पण हा सगळा कारखाना बेसमेंटमध्ये होता, आणि भिंतीच्या पलीकडच्या खोलीत माझे सासरे राहत होते.

दादासाहेब कराडचे निवृत्त पोस्टमास्तर. सासूबाई गेल्यावर ते एकटे पडले, म्हणून मिलिंद त्यांना ऑक्टोबरमध्ये इकडे घेऊन आला. निदान पुढचा उन्हाळा संपेपर्यंत त्यांनी राहावं एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्याने फारच मनाला लावून घेतली होती. त्यांना मात्र इथे करमेना. "इथे माझं काय काम?" हे त्यांचं पालुपद. खरं सांगायचं तर काहीच काम नव्हतं. दारातला बर्फ फावड्याने शोव्हल करायला आम्ही त्यांना देत नव्हतो आणि स्वयंपाकघरात मला कुणाची लुडबूड खपत नाही. त्यांचा एकुलता एक विरंगुळा म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. थंडीने गोठू नये म्हणून ते ती हीटिंगच्या जाळीजवळ ठेवत, आणि घरात जे कुरकुरेल किंवा अडकेल त्याला दोन थेंब लावत. वॉशरूमच्या दाराची बिजागरी आणि माझ्या बॅगेची चेन त्यांनीच सुधारली होती.

जानेवारीत एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "मिलिंद, माझं तिकीट अलीकडचं करून घे. मार्चमध्ये जाईन म्हणतो."

मिलिंदचा घास हातातच राहिला. "का दादा? काय झालं?"

"वामकुक्षी होत नाही. जरा डोळा लागला की पलीकडून तुझी टपटप सुरू. आणि वासही येतो. जन्मात कधी शिवलो नाही त्या दारूच्या शेजारी झोपतोय."

"आजोबा, यू कॅन हॅव माय हेडफोन्स," आमची लेक ऊर्मी म्हणाली.

"कानात बोळे घालून झोपायला मी काय वैमानिक आहे?" दादा म्हणाले.

मिलिंद खोलीत आल्यावर मी त्याला स्पष्ट सांगितलं, "हे बघ, गळती थांबली नाही तर दादा जातील. उद्या त्या दुकानात जाऊन नीट जॉइंट घेऊन ये."

"नीलू, डोंट वरी. मी ऑलरेडी एक सेट ऑर्डर केलाय. क्विक-कनेक्ट. सुपर डील होतं." मी कपाळाला हात लावला.

सेट आला. नळी त्याच्या दातेरी टोकावर काही चढेना. मिलिंदने ती गरम पाण्यात बुडवली, गुडघ्यात धरून ढकलली, तळहात लालबुंद करून घेतले, आणि अर्धीमुर्धी बसवून ऑफिसला निघून गेला. दोन-चार दिवस टपटप तशीच होती. मग एका शनिवारी तो खाली गेला तर फरशी कोरडी ठणठणीत. त्याने प्रत्येक जॉइंटवर टिश्यू पेपर फिरवून पाहिला, एकही ओला झाला नाही.

त्यानंतर माझा नवरा जमिनीवर नव्हता. ब्रॅम्पटनच्या मित्राला, नंदनला, व्हिडिओ कॉल लावून त्याने जॉइंट दाखवले. "लोक उगाच स्टीलवर पैसे घालवतात रे. रिसर्च केला पाहिजे," हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं. माझ्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही त्याने वाण घेऊन झाल्यावर खाली नेलं आणि कोरडी फरशी दाखवली. बिचाऱ्यांनी कौतुकही केलं. दादा तेव्हा आपल्या खोलीच्या दारात उभे राहून बघत होते. त्यांची वामकुक्षी सुरळीत झाली होती. तिकिटाचं विचारलं तर आता "बघू" म्हणायचे.

मिलिंदने ती बिअर त्याच पंपाने, त्याच नळ्यांतून पिंपात भरली. फेब्रुवारीअखेर त्याच्या क्लबची स्पर्धा होती. गावातल्या एका छोट्या पबमध्ये सगळ्यांच्या बिअर चाखायच्या आणि जी पहिली येईल ती पबवाले आपल्या नळाला लावणार. मिलिंदने दादांनाही चला म्हटलं.

"थेंबही घेणार नाही," दादा म्हणाले. "पण घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा येतो." माकडटोपी आणि दोन स्वेटर घालून ते गाडीत बसले.

परीक्षक टेरी नावाच्या उंच बाई होत्या. त्यांनी मिलिंदची बिअर ग्लासात ओतली. रंग सोन्यासारखा, अगदी नितळ. पण वर फेसाचं नाव नाही. बाईंनी दुसरा ग्लास घेतला, उंचावरून ओतली. दोन बुडबुडे आले आणि विझले. त्यांनी चाखली, मान डोलावली. "टेस्ट इज लव्हली. बट वेअर्स द फोम?"

मिलिंद गोरामोरा झाला. "आय डोंट नो. इट वॉज फाइन लास्ट टाइम."

"साबण किंवा तेल," त्या म्हणाल्या. "नाइन टाइम्स आउट ऑफ टेन. नळ्यांना काही ग्रीस वगैरे?"

"नो, नो. ब्रँड न्यू फिटिंग्ज. नथिंग," मिलिंद म्हणाला.

दादांनी माझी बाही ओढली. "काय म्हणतायत?" मी सांगितलं, तेलाचा अंश मिसळला की बिअरचा फेस बसतो, तसं काहीतरी झालंय. दादांनी माकडटोपी काढली. केस नीट केले. आणि पोस्टाच्या खिडकीत बोलावं तशा स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, द ऑइल इज माइन. कोकोनट. द पाइप वॉज नॉट गोइंग इन, सो इट वॉज लीकिंग. आय अप्लाइड ऑइल टू एव्हरी जॉइंट. नाऊ इट इज नॉट लीकिंग."

टेरीबाई खो खो हसल्या. आजूबाजूचेही हसले. मिलिंद हसला नाही. वर्षभराची त्याची मेहनत होती, आता हा बापावर भडकणार म्हणून मी त्याचा दंड धरला.

"तुम्ही त्या खोलीत गेलात, दादा?" एवढंच त्याने विचारलं.

"तू ऑफिसला गेलास की जायचो. पहिल्यांदा गेलो ते झोपेसाठी. मग रोजच जायला लागलो, कुठे गळत नाही ना बघायला."

"मला सांगायचं ना."

"तू बायकांना फरशी दाखवत होतास. एवढा खुशीत मी तुला कित्येक वर्षांत बघितला नव्हता. कशाला सांगू?"

मिलिंदने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

टेरीबाईंनी सांगितलं की नळ्या आणि जॉइंट सगळे बदला, तेल आता त्यातून निघायचं नाही, आणि मे महिन्यात परत या. आम्ही निघालो. सिग्नलला मिलिंदने हळूच विचारलं, "दादा, मग तुमचं मार्चचं तिकीट... बघू का?"

"मार्चमध्ये कसा जाणार?" मागून दादा म्हणाले. "मेमध्ये पुन्हा आहे ना ते तुमचं? आणि ते दुकान कुठे आहे, चांगल्या जॉइंटचं? तिकडे घे गाडी. तुला निवडता येत नाही."

दुकानात दादांनी स्टीलचा जॉइंट हातात घेतला. जोडला, खटकन आवाज आला. सोडवला, परत जोडला. पाच मिनिटं त्यांचं तेच चाललं होतं, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मिलिंदने निमूटपणे पाकीट बाहेर काढलं. मी मनात म्हटलं, चला, एकदाचं या घरात नीट सामान येणार.

मग दादांनी जॉइंट उलटा करून किमतीचं लेबल वाचलं, आणि तो अलगद जागेवर ठेवून दिला.

"ही शुद्ध लूट आहे," ते म्हणाले. "दुसरीकडे बघू."

बापलेक पुढे आणि मी मागे, असे आम्ही त्या संध्याकाळी बर्फातून आणखी तीन दुकानं पालथी घातली. मी एका शब्दानेही तक्रार केली नाही.