लुताच्या आईचं नाक

"धुतलेलं धुवा, उकळलेलं पुन्हा उकळा. बाटल्याच त्या, काही बाळंतिणीची भांडी नव्हेत."

मिंदू बाहेर बांबूच्या माचावर बसून पुटपुटत होती, पण मधली भिंत फळ्यांची. आत चिकट भात निवत घालणाऱ्या सासूला, लुताच्या आईला, शब्द न् शब्द ऐकू आला. ती भात पसरत राहिली. सुनेचं काही चुकत नव्हतं.

गावाय हा सुगीचा सण जवळ आला की एका छपराखाली ओळीनं घरं असलेल्या त्या लांबघरात दारोदारी तुआक मुरत पडे. तांदळाची ती गोड दारू घरचीच, बाटल्या मात्र बाजारातून आणलेल्या जुन्या: व्हिस्कीच्या, सोया सॉसच्या, सरबताच्या. त्या राखेच्या पाण्यात भिजवायच्या, आत वाळू आणि कच्चे तांदूळ घालून खळखळवायच्या, गार पाण्यातच पिंपात मांडून हळूहळू उकळी आणायची, नाहीतर तडकतात. एवढं झालं की लुताची आई एकेक बाटली नाकाशी धरी. कारण उकळीनं किडे मरतात, रॉकेलचा वास मरत नाही. कोणी कधी दिव्यासाठी काय भरून ठेवलं असेल, ते नाकालाच कळतं. आणि नाक असावं तर लुताच्या आईसारखं, असं नदीपलीकडच्या लांबघरातही म्हणत.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात ते नाक गेलं.

ती कुणाला बोलली नाही. मुलगा लुता दूर मिरी शहरात कामावर, घरात या दोघीच. नाक गेलं म्हटलं की तुआक सुनेच्या हाती जाणार, मग आपण उरायचं कशाला, कोंबड्या हाकलायला? म्हणून ती नुसतं पुन्हा पुन्हा धुवायला लावी. गेल्या सणाला पाहुण्यांनी तिच्या दारात दिलेला प्रत्येक पेला रिकामा केला, तेव्हा ती निवांत झाली होती. दारातला पेला कुणी नाकारत नसतो, हे ती तेवढ्यापुरतं विसरली.

दुपारी धुतलेल्या बाटल्या पडवीत आल्या. शेजारच्या दारी राहणारा तिचा दीर बान्यांग विडी ओढत चटईवर बसला होता. बाटल्यांचं पोतं त्यानंच बाजारातून आणलेलं. लुताच्या आईनं डोळे मिटून एक बाटली हुंगली, मान डोलावली आणि मिंदूकडे दिली. मिंदूच्या हातून ती निसटली, फुटली. पुढच्या काही नीट टोपलीत गेल्या. मग आणखी एक फुटली.

हाताला काय तेल लावलंयस, असं सासूच्या ओठांवर आलं होतं. ते तिथंच थांबलं. लग्न होऊन आल्यापासून मिंदूच्या हातून साधी वाटी फुटली नव्हती. बान्यांग एकाएकी छपराकडे बघू लागला होता.

"का फोडलीस?" तिनं हळूच विचारलं.

"सटकली."

"मिंदू."

मिंदू काचा वेचत राहिली. "रॉकेलचा वास होता तिला." मग मान वर न करता म्हणाली, "गेल्या सणालाही होता, आई."

बान्यांगनं विडी विझवली. "मी दोन पेले प्यायलो, वहिनी. काय करणार, तू समोर उभी."

लुताच्या आईच्या डोळ्यांपुढे अख्खं लांबघर आलं. एकेकजण ओठ पुसतोय, वा वा करतोय, आणि ती आणखी ओततेय. लाजेनं मेल्यासारखं व्हायला हवं होतं. त्याऐवजी पोटातून हसू आलं, आणि दोन वर्षं ताठ धरलेले खांदे आपोआप खाली आले. तिनं चटईवर सरकून शेजारी जागा केली आणि पुढची बाटली मिंदूच्या हातात दिली.

"बस इथं. तू हुंग, मी टोपलीत ठेवते," ती म्हणाली. "मला कशाचाच वास येत नाही गं."