दादऱ्याची गाठ

"या जगात कोणतीही वस्तू आपोआप गळत नसते. माणसाचा हात ढिला असतो, म्हणून ती गळते," हे अण्णारावांचं वाक्य बिलोलीकडच्या सोळा गावांनी ऐकलेलं होतं. नळयोजनेवर बत्तीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला असं बोलायचा हक्क असतो. मे महिन्यातल्या त्या सकाळी देगलूरच्या रस्त्यानं जाताना, हेल्मेटच्या आत, ते हेच वाक्य घोळवत होते. भाचीचं लग्न होतं, कुणी दोन शब्द बोला म्हटलं तर तयारी असावी.

तेवढ्यात डाव्या पोटरीला गारवा लागला. मे महिन्यात इतकी गार झुळूक म्हणजे नशीबच, असं समजून त्यांनी मैलभर तिचा आनंद घेतला. मग वास आला.

टाकीच्या कॉकपासून कार्बोरेटरकडे जाणारी करंगळीएवढी रबरी नळी तोंडाशी ढिली होऊन टपटपत होती. नळी आवळून धरणारी तारेची क्लिप गायब होती. म्हणजे हरवली नव्हती. काल गाडी धुताना अण्णारावांनीच नळी काढली, साफ केली, आणि क्लिप हरवू नये म्हणून खिशात ठेवली. क्लिप अगदी सुखरूप होती. बिलोलीत, खुंटीला टांगलेल्या शर्टात.

त्यांनी नळी दाबून बसवली, ती निसटली. रुमाल बांधला, रुमाल पेट्रोल प्याला. कॉक बंद करून, कार्बोरेटरात होतं तेवढ्यावर गाडी पळवली. ती तीनशे पावलं गेली आणि एका कडुलिंबाच्या झाडाखाली, कैऱ्या फोडत बसलेल्या म्हातारीसमोर बंद पडली.

फोन वाजला. बहीण, नागाबाई.

"अण्णा, कुठं हाईस? गुरुजी घड्याळाकडं बघून राहिलेत."

"आलोच. रस्त्यात हाय."

"रस्त्यात तर समदेच असतेत. तनुजाच्या मागं उभा राहायला तू एकटाच मामा हाईस. मामा न्हाई तर अक्षता न्हाई, सांगून ठेवते."

पाऊण तास उरला होता. ज्याला जे बांधता आलं नाही ते सुटतंच, हे अण्णारावांना ठाऊक होतं. पण ते आपल्या भाचीच्या मुहूर्ताबाबत खरं ठरेल असं वाटलं नव्हतं.

"पाव्हणं, काय गळून राहिलंय?" म्हातारीनं मान वर न करता विचारलं. तिचं नाव धोंडाबाई. पुढ्यात कैऱ्यांची पाटी आणि कैरी फोडायचा मोठा अडकित्ता.

अण्णारावांनी तिला दाब, उतार, नळीचा आतला व्यास आणि रबराचा स्वभाव समजावून सांगितला. धोंडाबाईनं तेवढ्या वेळात अकरा कैऱ्या फोडल्या.

"म्हंजे तोंड बांधायचंय," ती म्हणाली.

"तेवढं सोपं न्हाई, मावशी."

"लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधता येतो का?"

"ते बायकोचं काम."

"मंग बसा."

तिनं इंजिनाजवळ हात नेला आणि मागं घेतला. "तापलंय. गरम बरणीला दादरा बांधत न्हाईत." आणि ती पुन्हा कैऱ्यांकडं वळली. दहा मिनिटं अण्णाराव झाडाभोवती फिरले. एकदा त्यांनी खिशातली टोपी काढून इंजिनावर वारा घातला. म्हातारीनं मान वर करून बघितलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

मग ती उठली. नळीचं फुगलेलं तोंड तिनं बोटांनी चाचपलं, अडकित्त्याचं पातं पदराला पुसलं आणि तेवढा तुकडा कचकन उडवला. कोरं, घट्ट तोंड कॉकवर चढवलं. पोती शिवायच्या दोऱ्याची एक लड दातात धरून ती नळीभोवती फिरवू लागली. एक वेढा, त्याच्या अंगाला अंग लावून दुसरा, तिसरा. कुठं फट नाही, कुठं दोरा दोऱ्यावर चढला नाही. शेवटचं टोक तिनं उलटं घेऊन त्याच वेढ्यांच्या खालून ओढलं, आणि गाठ आत गेली. बाहेर काहीच दिसेना.

"आता ही जितकी ओढंल तितकी आवळंल," ती म्हणाली. "उघडा तुमचा नळ."

अण्णारावांनी कॉक फिरवला आणि गुडघ्यावर बसले. नळीच्या तोंडाशी पाहत राहिले. सोळा गावांच्या टाक्यांत पहिलं पाणी पडताना त्यांनी पाहिलं होतं, वाजंत्री लावून. पण न पडणारा थेंब ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. बोट लावलं. कोरडं. दुसरं बोट लावलं. तेही कोरडं. त्या सुरकुतलेल्या हातांकडं त्यांनी पाहिलं. ते हात केव्हाच पुढची कैरी फोडू लागले होते, जणू मघाशी काही घडलंच नव्हतं. अण्णारावांना वाटलं, आपण बत्तीस वर्षं नुसतं लोखंड पिळत होतो.

"मावशी, हे शिकलात कुठं?"

"बरणी एकदा उघडी राहिली व्हती. वर्साचं लोणचं गेलं. सासूनं शिकिवलं," धोंडाबाई म्हणाली. "जावा आता. खाली बसून मुंग्या लागतेत तुमच्या पाटलोणीला."

ते मांडवात पोचले तेव्हा गुरुजी तिसरं मंगलाष्टक रबरासारखं ताणत होते. नागाबाईनं भावाला दंडाला धरून तनुजाच्या मागं उभं केलं.

"मामा, कसला वास हाय?" नवरीनं अंतरपाटाकडंच बघत विचारलं.

"अत्तर हाय. उभी ऱ्हा सरळ."

अक्षता पडल्या. दोन शब्द बोला, असं कुणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना लिंबाखाली त्यांनी गाडी थांबवली. गाठ अजून कोरडी होती. सोबत लग्नातली शाल, नारळ, लाडवांचा पुडा, आणि रात्रभर जुळवलेलं भाषण होतं. त्यांनी शाल धोंडाबाईच्या खांद्यावर घातली. गळती ही हाताची नसते, मनाची असते, तिथून सुरुवात केली. सासूच्या त्या अज्ञात विद्येला वंदन केलं. शेवटी म्हणाले, "मावशी, तुमच्यासाठी मी काय करू? काही बी मागा."

धोंडाबाईनं शालीची घडी करून पाटीखाली ठेवली.

"नळयोजनेवर व्हता न्हवं तुम्ही? आमच्या गल्लीतला नळ तुम्हीच बसिवला, तवा मिशा काळ्या व्हत्या तुमच्या," ती म्हणाली. "तवापासून गळून राहिलाय. तेवढा वायसर बदलून द्या."