म्हशींसाठी होडी

दुष्काळात पाण्यापेक्षा पाण्याच्या भांड्याची टंचाई मोठी असते, हे साखराबाईला त्या उन्हाळ्यात कळलं. बीड जिल्ह्यात युसूफ वडगावच्या पलीकडं तिची वस्ती, आणि तिथल्या बायकांच्या दूध संस्थेची ती अध्यक्ष. टँकर मंजूर होता, पण टाकी नसेल तिथं तो थांबायचा नाही. विहिरीत ओतावं तर विहीरच इतकी तहानलेली की सगळं स्वतः पिऊन मोकळी. प्लास्टिकच्या टाक्या पुढाऱ्यांच्या गावापर्यंत येऊन संपल्या. सिमेंटची बांधावी तर ती पक्की व्हायला तिच्यावर आधी पंधरवडाभर पाणी मारायचं. ते पाणी ठेवायला टाकी पाहिजे.

साखराबाई तेव्हा नवरा रामहरीबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला होती. सरपंच सुंदररावांनी फोनवर निकाल लावला, "येत्या बाजारी संस्थेच्या म्हशी काढून टाका. मी टेम्पो सांगून ठेवलाय."

त्याच दिवशी हंगाम संपून साखर कारखाना बंद झाला. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडता जोडता साखराबाई म्हणाली, "आवं, जी वस्तू पाणी आत येऊ देत न्हाई, ती बाहेर तरी कशापायी जाऊ देईल?"

"कोणती वस्तू?"

"होडी."

"तुला ऊन लागलंय, साखरे," रामहरी म्हणाला, आणि ट्रॅक्टर बीडऐवजी आंबा घाटाकडं वळवला.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात होड्यांची गर्दी अशी, की आपल्याकडं बैलपोळ्यालाही तेवढे बैल नसतात. एक जुनी फायबरची होडी किनाऱ्यावर पालथी पडली होती. तिची मालकीण कोळीण भंगाराच्या भावात द्यायला तयार झाली.

"पण नेतोस कुठं, मेल्या?" तिनं रामहरीला विचारलं. "बीडला समुद्र कधी आला?"

"तो न्हाई आला, मावशे," साखराबाई म्हणाली. "म्हणून तर आमाला यावं लागलं. आत पाणी भरल्यावर गळणार न्हाई ना?"

मावशीनं कपाळाला हात लावला. "आतलं पाणी उपसण्यात माझी हयात गेली. भरायचं म्हणणारी तूच पहिली."

बंदराकडचा रुंद रस्ता खणून ठेवलेला. त्यामुळं ट्रॉलीवर चढवलेली होडी निघाली बाजारातून, रामआळीच्या चढानं. दोन्ही बाजूंना दुकानं, वर गच्च्या, मध्ये लोंबणाऱ्या केबलच्या तारा. पण उसाची डोंगराएवढी ट्रॉली गावातून काढताना वर एक माणूस बसतो आणि बेचक्याच्या बांबूनं तारा उचलत जातो. त्यांच्या टोळीत ते काम साखराबाईचंच. ती नऊवारीचा काष्टा आवळून होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उंच टोकावर, उभी राहिली. तार आली की बांबू वर, तार गेली की बांबू खाली.

लोकांना वाटलं, मिरवणूक आहे. दुकानदारांनी पुढची कापडी छपरं गुंडाळली. एका म्हाताऱ्यानं नारळ फोडला.

"कोणत्या पक्षाची?" कुणीतरी विचारलं.

"दुधाची," साखराबाई म्हणाली.

आणि समोरून एस.टी. आली. होडीची नाळ बसच्या काचेवर अशी टेकली, जशी म्हैस खुंट्यावर मान टेकते.

"मागं घे!" बसचा ड्रायव्हर ओरडला.

"मागं उतार हाय," रामहरी म्हणाला. "सुटली तर सरळ समुद्रात जाईल."

"जाऊ दे की! होडीच आहे!"

रामहरीनं ब्रेक आणखी दाबून धरला. सगळी रामआळी वाट बघत थांबली. इथून मागं फिरायचं म्हणजे म्हशी टेम्पोत चढल्याच. साखराबाई वरून म्हणाली, "दादा, आमच्याकडं टाकी न्हाई म्हणून टँकर थांबत न्हाई, आन् टँकर थांबला न्हाई तर परवा म्हशी बाजारात जात्यात. ह्यात पाणी भरायचंय. समुद्रात पाणी लई हाय, तिथं हिची काय गरज?"

कंडक्टरनं होडीकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं. मग खाली उतरला, बसच्या मागं गेला आणि शिट्टी वाजवली. प्रवासीही उतरले, मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बायका "येऊ दे, येऊ दे" करू लागल्या. एस.टी. पाठमोरी, इंचाइंचानं, गोखले नाक्यापर्यंत वर गेली. बाजारानं टाळ्या वाजवल्या. साखराबाईनं बांबू झेंड्यासारखा उंच धरला आणि तेवढ्यात एक तार उचलायची राहिली, ती रामहरीनं मान वाकवून चुकवली.

बाजारच्या सकाळी होडी वस्तीवर वाळूच्या बैठकीत बसली. टँकरवाला बंकट ब्रेक मारून बघतच राहिला.

"नियमात टाकी पाहिजे," सुंदरराव म्हणाले.

"पाणी थांबलं तर टाकी," बंकट म्हणाला, "न्हाई थांबलं तर होडी." आणि पाइप सोडला.

सगळी वस्ती वाकून होडीचं बूड बघू लागली. पाणी चढत गेलं. सुंदररावांनी वाळूला हात लावला. वाळू कोरडी. दुसरीकडं लावला, तिथंही कोरडी. पहिली बादली साखराबाईनं भरली. म्हशीनं ती एका दमात संपवली आणि दुसरीसाठी बघितलं.

मागून टेम्पो आला, हॉर्न वाजवून थांबला.

"म्हशी कुठंयत?" ड्रायव्हरनं विचारलं.

"पाणी पितायत," साखराबाई म्हणाली. "लई वेळ लागंल. जा तू."